चमचाभर क्लोरोफॉर्म : हॅना ग्रीनरचा मृत्यू आणि डॉ. जॉन स्नोचा हिशेब

पायाच्या अंगठ्याचे नख काढताना कुणी मरत नाही. निदान मरू नये. पण इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यूकॅसलपासून काही मैलांवरच्या विनलॅटन गावात, २८ जानेवारी १८४८ रोजी पंधरा वर्षांची हॅना ग्रीनर नेमकी त्यातच गेली. चालती-बोलती मुलगी खुर्चीत बसली, क्लोरोफॉर्मचे कापड तिच्या नाकाशी धरले गेले आणि तीन मिनिटांच्या आत सगळे संपले. क्लोरोफॉर्मच्या भुलेत झालेला, नोंदीत असलेला हा पहिला मृत्यू मानला जातो.

हे प्रकरण भूलशास्त्राच्या इतिहासात पुन्हापुन्हा उकरले गेले आहे, कारण त्यात पुरावा जवळजवळ एकच आहे. भूल देणाऱ्या सर्जनने दिलेली साक्ष. ती एकच साक्ष वाचून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे निष्कर्ष काढले. त्यांतला एक जण होता लंडनचा चौतीस वर्षांचा डॉक्टर जॉन स्नो. आपल्याकडे हे नाव ऐकू येते ते पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, साथीमुळे. १८५४ मध्ये साथ पाण्यातून पसरते हे ओळखून लंडनच्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावणारा तो हाच. साथरोगशास्त्राच्या वर्गात त्याची गोष्ट हमखास सांगितली जाते. पण त्याचा रोजचा धंदा काय, पोट कशावर भरायचा, हे विचारले तर बरेच जण गप्प होतात. स्नो भूल द्यायचा.

त्या दिवशी काय झाले

हॅनाला भूल नवी नव्हती. १८४७ च्या ऑक्टोबरात न्यूकॅसलच्या इन्फर्मरीत, म्हणजे रुग्णालयात, तिच्या दुसऱ्या पायाच्या अंगठ्याचे नख काढले होते, तेव्हा तिला ईथर दिले होते. तीन-चार महिन्यांनी आता या पायाची पाळी. मधल्या काळात मात्र जग बदलले होते. एडिंबरोचा प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्पसन याने ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री मित्रांसोबत जेवणानंतर क्लोरोफॉर्म हुंगून पाहिले आणि थोड्याच दिवसांत त्याचा डंका सगळीकडे वाजू लागला. ईथरचा वास उग्र, घसा खवखवतो, खोकला येतो. शिवाय ते पेट घेते, आणि तो जमाना मेणबत्त्यांचा नि गॅसच्या दिव्यांचा. क्लोरोफॉर्म वासाला गोडसर, पेट न घेणारे, आणि पुरते थोडेसेच. सगळ्यात मोठी सोय म्हणजे त्याला यंत्र लागत नाही. खिशातून रुमाल काढा, त्यावर ओता, नाकाशी धरा. सिम्पसनची शिफारस तीच होती. खेड्यापाड्यात घोड्यावरून फिरणाऱ्या डॉक्टरला आणखी काय हवे?

तर सिम्पसनच्या त्या रात्रीनंतर ८५ दिवसांनी सर्जन थॉमस मेगिसन आपला सहायक लॉइड याला घेऊन हॅनाच्या घरी आला. मुलगी धास्तावलेली होती, हुंदके देत होती. पुढचे सगळे मेगिसननेच नंतर शपथेवर सांगितले, आणि त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले पाहिजे. त्याने स्वतःला वाचवण्यासाठी काही गुळगुळीत केलेले दिसत नाही.

त्याने तिला खुर्चीत बसवले. चहाचा एक चमचा क्लोरोफॉर्म टेबलावरच्या कापडावर ओतून ते तिच्या नाकाशी धरले. दोन श्वास घेतल्यावर तिने त्याचा हात खाली ओढला. त्याने तिला नेहमीसारखा श्वास घ्यायला सांगितले, तिने घेतला. साधारण अर्ध्या मिनिटात तिच्या हाताचे स्नायू ताठ झाले, श्वास थोडा जलद झाला, पण घोरणे नव्हते. त्याचे बोट तिच्या नाडीवर होते. स्नायू ताठ होईपर्यंत नाडी ठीक होती. मग ती थोडी क्षीण वाटली, वेग मात्र तोच. त्याने लॉइडला सुरुवात करायला सांगितले. लॉइडने अर्धगोल छेद घेतला, तेव्हा मुलीने एक हिसका दिला. मेगिसनला वाटले, भूल पुरती चढलेली नाही. तरी त्याने आणखी क्लोरोफॉर्म दिले नाही. नख निघाले.

मिटलेले डोळे त्याने उघडले, ते उघडेच राहिले. तोंड उघडे, ओठ आणि चेहरा पांढराफटक. त्याने पाणी मागवून तोंडावर मारले. काही उपयोग झाला नाही. मग थोडी ब्रँडी पाजली. तिने ती कशीबशी थोडी गिळली. मग तिला जमिनीवर निजवून हाताच्या आणि मानेच्या शिरेतून रक्त काढायचा प्रयत्न केला. चमचाभर रक्त आले. त्या वेळी ती गेलेलीच होती असे त्याचे मत. शेवटची नाडी त्याला लागली होती ती हिसका दिला तेव्हा, चेहरा पांढरा पडायच्या अगदी आधी.

रक्त काढणे आज अघोरी वाटते. पण १८४८ च्या डॉक्टरकडे हाताशी असलेले उपाय हेच: पाणी, ब्रँडी आणि शीर तोडणे. त्याबद्दल मेगिसनला दोष देणे म्हणजे आजोबांना मोबाइल का वापरला नाही असे विचारणे.

कॉरोनरपुढे

मुंबईच्या जुन्या लोकांना कॉरोनर हा शब्द सांगायला नको. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी इंग्रजांनी इथेही आणला होता. विनलॅटनच्या प्रकरणातही कॉरोनरची चौकशी झाली, पंच बसले. शवविच्छेदन न्यूकॅसलचा नामवंत सर्जन सर जॉन फाइफ आणि डॉ. रॉबर्ट ग्लोव्हर यांनी केले. यातला ग्लोव्हर योगायोगाने फार लायक माणूस होता. क्लोरोफॉर्मचे भुलेसाठी कौतुक सुरू होण्याआधीच, १८४२ मध्ये, त्याने त्या जातीच्या संयुगांचे प्राण्यांवर प्रयोग केले होते आणि ती किती विषारी असू शकतात हे पाहिले होते. फुफ्फुसे रक्ताने तट्ट भरलेली आढळली. हृदयाच्या दोन्ही बाजूंना काळपट, पातळ रक्त होते. पंचांनी निर्णय दिला: क्लोरोफॉर्मच्या परिणामाने फुफ्फुसांत रक्त साकळून मृत्यू, मेगिसन आणि लॉइड यांचा दोष नाही.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. वैद्यकाच्या दृष्टीने ते तिथून सुरू झाले, कारण निर्णयात 'कसे' याचे उत्तर नव्हते. फुफ्फुसांत रक्त साकळणे हा मृत्यूचा माग आहे. कारण म्हणून तो पुरत नाही.

सिम्पसनचे उत्तर

सिम्पसन गप्प बसणाऱ्यातला नव्हता. क्लोरोफॉर्म त्याचे अपत्य होते. त्याने लिहिले की मुलगी क्लोरोफॉर्मने मेली नाही, उपचाराने मेली: शुद्ध नसलेल्या मुलीच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी गेली, ती श्वासनळीत अडकली आणि मुलगी गुदमरली.

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये, हे आज प्रथमोपचाराच्या पहिल्या धड्यात शिकवतात, आणि भुलेआधी उपाशी ठेवण्यामागेही हीच भीती आहे. पोटातले वर येऊन फुफ्फुसात जाणे हा भूलतज्ज्ञाच्या झोपेतला राक्षस. पण मेगिसनच्या साक्षीतला क्रम पाहा. चेहरा पांढरा पडला *म्हणून* त्याने पाणी मागवले. पाणी मारूनही ती हलली नाही *म्हणून* ब्रँडी दिली. म्हणजे जे व्हायचे ते आधीच होऊन गेले होते. ब्रँडीने शेवट लवकर आणला असेल, सुरुवात केलेली नाही. शिवाय गुदमरणारा माणूस आधी निळा पडतो, धडपडतो, खोकतो. ही मुलगी पांढरी पडली आणि शांत झाली. माझ्या मते सिम्पसनची बाजू इथेच लंगडी पडते.

लंडनचा माणूस

जॉन स्नोने हॅनाला पाहिले नव्हते, पण तो मुलूख त्याच्या पायाखालचा होता. यॉर्कमधल्या एका मजुराचा हा थोरला मुलगा, नऊ भावंडांतला पहिला, जन्म १५ मार्च १८१३. चौदाव्या वर्षी तो न्यूकॅसलच्या सर्जन विल्यम हार्डकॅसलकडे उमेदवारीला राहिला. पटकीची पहिली साथ इंग्लंडात आली तेव्हा हार्डकॅसलने या पोराला किलिंगवर्थच्या कोळसाखाणीत मजुरांवर उपचार करायला पाठवले. पुढे १८३३ मध्ये तो बर्नॉपफील्डला एका डॉक्टरचा सहायक होता, आणि बर्नॉपफील्ड विनलॅटनपासून फार लांब नाही. तरुणपणीच मांस सोडलेला, दारूला न शिवणारा, बोलायला बेताचा. १८३६ मध्ये लंडनला गेला, १८३८ मध्ये सोहोतल्या फ्रिथ स्ट्रीटवर दवाखाना टाकला आणि १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली. वशिला नाही, घराणे नाही. रुग्णही फारसे नव्हते.

१८४१ मध्येच त्याने नवजात बाळांचा श्वास अडकला तर काय करावे यावर एक निबंध वाचला होता. श्वास, वायू, रक्त, उष्णता या गोष्टींवर तो वर्षानुवर्षे विचार करत होता. त्यामुळे १८४६ च्या डिसेंबरात ईथरची बातमी अमेरिकेतून लंडनला आली, तेव्हा बाकीचे डॉक्टर 'दुखत नाही, बघा!' म्हणून थक्क झाले आणि स्नो अडखळला तो एका साध्या गोष्टीवर: काही रुग्णांवर ईथर चालते, काहींवर चालतच नाही, काही खवळतात. असे का?

उत्तर त्याला पदार्थविज्ञानात सापडले. हातावर स्पिरिट घेतले की गार लागते, कारण द्रवाची वाफ होताना तो आसपासची उष्णता ओढून घेतो. ईथरचेही तेच. काचेच्या भांड्यातल्या स्पंजावरून हवा ओढली की पहिल्या काही श्वासांत भरपूर वाफ येते, मग द्रव थंड होत जातो आणि वाफ कमी कमी होते. खोली गरम असेल तर आणखी वेगळे. म्हणजे दोन रुग्णांना 'ईथर दिले' असे आपण म्हणतो तेव्हा त्यांना एकच औषध दिलेले नसते. जानेवारी १८४७ मध्ये, ईथर लंडनला येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, स्नोने कोणत्या तापमानाला हवेत किती ईथर मावते याचा तक्ता तयार केला. मग उपकरण बनवले: द्रवाच्या भांड्याभोवती पाणी, म्हणजे तापमान फारसे हलत नाही, रुंद नळी, म्हणजे श्वास ओढायला कष्ट नाहीत, तोंडावरच्या मुखवट्याला झडप, आणि ती बाजूला सरकवली की हवी तेवढी साधी हवा मिसळता येते. त्या साली ऑक्टोबरात ईथरवरचे त्याचे पुस्तक निघाले, त्यात भुलेच्या पाच पायऱ्या वर्णन केल्या होत्या. पुढच्याच महिन्यात सिम्पसनचे क्लोरोफॉर्म आले आणि ते पुस्तक जवळजवळ जुने झाले. बिचारा! पण स्नोने कुरकुर केली नाही. तोच हिशेब त्याने नव्या द्रवाला लावायला घेतला.

आज कुठल्याही ऑपरेशन थिएटरात भुलेच्या मशीनवर व्हेपोरायझर, म्हणजे भुलेच्या द्रवाची मोजून वाफ करणारे भांडे, असतो आणि त्याच्या फिरत्या चकतीवर टक्के कोरलेले असतात. भुलेच्या प्रत्येक द्रव्याला त्याचा रंग: आयसोफ्लुरेन जांभळा, सेव्होफ्लुरेन पिवळा. चकती दोनावर आणली की शंभर भागांत दोन भाग वाफ. हा टक्का म्हणजे स्नोची कल्पना.

चमच्यात किती होते?

आता हॅनाकडे परत येऊ. बातमी येताच, फेब्रुवारी १८४८ मध्येच, स्नोने आपले मत छापले. त्याने मेगिसनवर आग पाखडली नाही, क्लोरोफॉर्मलाही खुनी ठरवले नाही. त्याचे बोट होते कापडाकडे.

आजच्या आकड्यांनी हा हिशेब करून पाहिला की त्याचे म्हणणे चटकन ध्यानात येते. चहाचा चमचा चार मिलिलिटरचा धरा. तेवढ्या क्लोरोफॉर्मची पूर्ण वाफ झाली तर सुमारे १.२ लिटर शुद्ध वाफ होते. माणसाचा साधा श्वास अर्ध्या लिटरच्या आसपास. म्हणजे त्या कापडात दोन श्वास भरून उरतील एवढी निव्वळ वाफ दडलेली होती. २० अंश सेल्सियसला क्लोरोफॉर्मने तृप्त झालेल्या हवेत पाचवा हिस्सा वाफच असते. ती सगळी फुफ्फुसात जात नाही हे खरे, कारण कापड गार होते, आसपासची हवा मिसळते, हात हलतो. पण किती जाते हे धरणाऱ्याला कळायला मार्ग नाही. कापड नाकापासून दोन बोटे दूर धरले तर वेगळे, घट्ट दाबले तर वेगळे, घडी घातली तर आणखी वेगळे. त्यात हुंदके देणारी मुलगी. रडता रडता माणूस श्वास कोंडतो आणि मग एकदम खोल ओढतो.

स्नोच्या प्रयोगांनी दुसरी बाजू पुरी केली. काचेच्या बंद भांड्यांत उंदीर, पक्षी, मांजरे ठेवून तो मोजून वाफ सोडायचा. शंभर भाग हवेत चार-पाच भाग वाफ असेल तर प्राणी हळूहळू गुंगतो. चुकून जास्त वेळ दिली गेली तर आधी श्वास थांबतो आणि हृदय मागे काही वेळ चालू राहते. म्हणजे वेळीच कळले तर छाती दाबून, हवा फुंकून वाचवता येते. पण आठ-दहा भागांच्या वर गेले की हृदयच श्वासाच्या जोडीने किंवा त्याच्याही आधी बंद पडते आणि मग करण्यासारखे काही उरत नाही. रक्तात किती द्रव उतरला की कोणती पायरी, याचाही त्याने अंदाज मांडला: गाढ भुलेला प्रौढाच्या रक्तात सुमारे १८ मिनिम आणि श्वास बंद व्हायला ३६. मिनिम म्हणजे जुन्या औषधमापातला थेंब, चमच्यात असे साठ. गाढ झोप आणि मरण यांत फक्त दुपटीचे अंतर. इतक्या अरुंद वाटेवर चालायचे तर हातात मोजपट्टी नको का, एवढेच तो विचारत होता.

म्हणून त्याचा निष्कर्ष असा: हॅनाच्या फुफ्फुसांत एकदम फार कडक वाफ गेली. कापड दूर केल्यावरही फुफ्फुसातली वाफ रक्तात उतरतच राहते, त्यामुळे परिणाम पुढचे काही सेकंद वाढत जातो. ती वाफ भरलेले रक्त फुफ्फुसांतून सरळ हृदयात आले आणि हृदय पंगू झाले.

पुढची दहा वर्षे त्याने अशी प्रकरणे साठवली. जगभरातून छापून आलेले क्लोरोफॉर्मचे मृत्यू जमवून त्यांतले पन्नास त्याने एकेक करून तपासले, आणि त्या यादीत पहिले नाव हॅनाचे आहे. त्याचे स्वतःचे काम चालूच होते. चार हजारांच्या वर लोकांना त्याने क्लोरोफॉर्म दिले. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाला प्रिन्स लिओपोल्ड झाला तेव्हा, आणि १८५७ मध्ये प्रिन्सेस बिआट्रिसच्या वेळी, भूल देणारा हाच होता. गंमत अशी की राणीला त्याने रुमालावरच दिले! पण चमचा ओतून नव्हे. प्रत्येक कळेसोबत साधारण पंधरा मिनिम, असे तासाच्या आत-बाहेर. बाळंतपणात राणीला पूर्ण झोपवायचे नव्हतेच. कळ बोथट करायची होती. ज्यांच्याकडे उपकरण नाही त्यांनी क्लोरोफॉर्ममध्ये स्पिरिट मिसळून ते कमजोर करावे, असाही त्याचा सल्ला होता. रुमालाशी त्याचे वैर नव्हते, फक्त रुमालावर किती आहे हे माहीत असावे असा हट्ट होता.

हा हट्ट भुलेपुरता नव्हता. घाणीच्या दुर्गंधीतून पटकी पसरते असे त्या काळी बहुतेकांना पटलेले होते. स्नोला ते पटेना, आणि पटले नाही ते याच कामामुळे. वाफ हवेत मिसळली की विरळ होत जाते, हे त्याला कोणाहूनही जास्त ठाऊक होते. मग दुर्गंधीच्या अगदी जवळ राबणारे कातडी कमावणारे, हाडे उकळणारे आधी मरायला हवेत. तसे दिसत नव्हते. १८५५ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने हे सांगितले, तेव्हा एका वैद्यकीय साप्ताहिकाने त्याची यथेच्छ टिंगल केली. पंपाची गोष्ट सगळे सांगतात. ती क्लोरोफॉर्मच्या भांड्यातून निघाली हे सांगायचे राहून जाते.

त्याच्याही हातून चुका झाल्या. १८५६ च्या शेवटी त्याने ॲमिलीन नावाचे नवे द्रव्य वापरायला घेतले, ते क्लोरोफॉर्मपेक्षा सौम्य वाटले म्हणून. २३८ जणांना दिले, त्यांतले दोघे गेले. त्याने दोन्ही मृत्यू छापले आणि ॲमिलीन बंद केले. मोजणारा माणूसही अंधारात होताच, फक्त त्याने किती पावले टाकली ते लिहून ठेवले होते. १६ जून १८५८ रोजी पक्षाघाताने तो गेला, पंचेचाळीस वर्षांचा. क्लोरोफॉर्मवरचे त्याचे मोठे पुस्तक त्याच्या मागे मित्राने प्रसिद्ध केले.

हैदराबादचा कौल

स्नो गेल्यावर वाद मिटला नाही; उलट तो आपल्या दारात आला. एडिंबरोच्या परंपरेतले सर्जन म्हणत, श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीकडे बघायची गरज नाही, क्लोरोफॉर्म हृदयाला थेट धक्का लावत नाही. लंडनचे लोक म्हणत, हृदय बघा. निजामाच्या हैदराबादेत सर्जन एडवर्ड लॉरी हा एडिंबरोच्या बाजूचा कट्टर माणूस होता. अफझलगंजच्या दवाखान्यात तो मोकळ्या हाताने क्लोरोफॉर्म वापरायचा आणि मृत्यू होत नाहीत असे सांगायचा. त्याच्या आग्रहावरून १८८८ मध्ये हैदराबादेत चौकशी आयोग बसला. इंग्लंडात कुणी मान डोलावली नाही, तेव्हा निजामाने १,००० पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लंडनहून लॉडर ब्रंटन हा नावाजलेला औषधशास्त्रज्ञ दुसऱ्या आयोगासाठी हैदराबादेत आला. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. ब्रंटन लंडनचे मत घेऊन आला होता. जाताना लॉरीचे घेऊन गेला. कौल असा की श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो, तेव्हा श्वासावर नजर असली की पुरे.

त्या काळी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड हे सगळे निजामाच्याच राज्यात. लॉरीच्या हाताखाली तयार झालेल्या डॉक्टरांत रूपाबाई फर्दुनजी होत्या. भूल देण्याचे काम करणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांत त्यांचे नाव घेतले जाते, आणि पुढे त्या एडिंबरोलाही शिकायला गेल्या. हैदराबादच्या आयोगाचे हे बरे फळ.

पण कौलात खोट होती. प्रयोगातल्या कुत्र्यांना बहुतेक वेळा सावकाश, खोल भूल चढवली जात होती, आणि तशा भुलेत श्वास आधी थांबतो हे स्नोनेही म्हटले होते. हॅना खोल भुलेत नव्हती. तिने हिसका दिला होता.

१९११

हिसक्याचे कोडे सुटायला ६३ वर्षे लागली. १९११ मध्ये गुडमन लेव्ही या डॉक्टरने मांजरांवर प्रयोग करून दाखवले की क्लोरोफॉर्मने अचानक हृदय बंद पडते ते खोल भुलेत नव्हे, हलक्या भुलेत. अर्धवट भूल, वर भीती किंवा वेदना. शरीरात ॲड्रिनॅलिन उसळते. क्लोरोफॉर्मने हळवे झालेले हृदय ते सोसत नाही आणि खालचे कप्पे ठोका द्यायचे सोडून नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे ढकलले जात नाही. नाडी एकदम गायब होते, चेहरा पांढरा पडतो. भूल थांबवून पुन्हा देणे, कमी-जास्त करणे, हेही धोक्याचेच असल्याचे त्याने दाखवले.

आता मेगिसनची साक्ष पुन्हा वाचा. हुंदके देणारी मुलगी. अर्ध्या मिनिटाची भूल. हाताचा ताठरपणा, जो अर्धवट भुलेचे लक्षण असतो. छेद, हिसका, आणि त्याच क्षणी शेवटची नाडी. 'भूल पुरती चढलेली नाही' हे मेगिसनचे वाटणे अगदी बरोबर असू शकते. स्नो म्हणाला, फार झाले. लेव्हीच्या प्रयोगांवरून पाहिले तर कदाचित फार थोडे झाले होते.

म्हणजे स्नो चुकला का? हृदय थांबले हे त्याने ओळखले, ते सिम्पसन आणि लॉरी दोघांनीही नाकारले होते. ते का थांबले याचे त्याचे कारण बहुधा चुकीचे होते. ॲड्रिनॅलिन हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. पण कापडावर त्याचा जो आक्षेप होता, तो मला दोन्ही स्पष्टीकरणांत टिकलेला दिसतो. ओतलेला चमचा एका श्वासाला फार देतो आणि पुढच्या श्वासाला काहीच देत नाही. स्नोच्या उपकरणातून मोजकी वाफ सावकाश येत राहिली असती आणि छेद घेण्याआधी पाच मिनिटे थांबले असते, तर मुलगी पुरती झोपली असती. लॉइडचे पाते तिला कळलेही नसते.

खात्री मात्र कुणालाच देता येणार नाही. १८४८ मध्ये हृदयाचा आलेख काढणारे यंत्र नव्हते. नाडीवर ठेवलेले मेगिसनचे बोट आणि त्याने नंतर पंचांपुढे सांगितलेली ती तीन मिनिटे, एवढेच आपल्या हाती आहे.